होतकरू गार्डची पारख

शाळेच्या मैदानावर एखादा मुलगा चांगला खेळूं लागला म्हणजे पाहणाऱ्यांच्या मनांत सहजच प्रश्न येतो कीं, हा पुढें कोठवर जाईल? आपणांकडे हा प्रश्न बहुधा कौतुकापुरताच असतो. परंतु अमेरिकेंत तो दरवर्षीं मोठ्या गांभीर्यानें विचारला जातो. कारण त्याच्या उत्तरावर तरुणांचें भवितव्य व संघमालकांचा पैसा हीं दोन्हीं अवलंबून असतात. कॉलेजांत बास्केटबॉल खेळणारा तरुण धंदेवाईक संघांत टिकेल कीं नाहीं, हें तेथें कसें पारखतात व पारखणारे कोठें फसतात, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें डिसेंबर १८९१ मध्यें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, वाय्. एम्. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत काढला. हिवाळ्यांत विद्यार्थ्यांस छपराखालीं खेळतां येईल असा खेळ हवा होता. म्हणून त्यानें सज्जास फळांच्या दोन टोपल्या अडकविल्या, आणि त्यांवरूनच खेळास नांव पडलें. पांच गड्यांच्या संघांत सामान्यतः दोघांस गार्ड म्हणतात. हे बहुधा संघांतील ठेंगणे गडी होत. चेंडू टप्पे देत पुढें आणणें, योग्य गड्यास तो पोंचविणें, दुरून नेम साधणें आणि प्रतिपक्षाच्या चपळ गड्यांस अडविणें, हीं त्यांचीं मुख्य कामें.

अमेरिकेंत पहिल्या श्रेणीचा खेळ खेळणारीं कॉलेजें व विद्यापीठें साडेतीनशेंहून अधिक आहेत, व त्यांत हजारों तरुण खेळतात. धंदेवाईक संघ मात्र अवघे तीस. या संघांची नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन नांवाची संस्था दरवर्षीं नव्या खेळाडूंची निवड करिते. प्रत्येक संघास दोन फेऱ्यांत एकेक नांव पुकारावयाचें, म्हणजे जास्तींत जास्त साठच नांवें. आणि त्यांतहि परदेशचे खेळाडू असतातच. दार किती अरुंद आहे हें यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

या दारांतून आंत गेल्यावर खेळहि बदलतो. २००८-०९ च्या हंगामांत कॉलेजच्या मैदानावर तीन गुणांची रेषा टोपलीपासून २० फूट ९ इंचांवर होती. धंदेवाईक मैदानावर ती समोरून २३ फूट ९ इंचांवर असते. कॉलेजांत त्या काळीं चेंडू टोपलीकडे फेंकण्यास ३५ सेकंदांची मुदत असे. धंदेवाईक खेळांत ती २४ सेकंदांची आहे. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, तर येथला ४८ मिनिटांचा. आणि हंगामांत सामने ८२. शिवाय समोर उभा राहणारा प्रत्येक गडी आपापल्या कॉलेजचा मोहरा असतो. तेव्हां कॉलेजांतील गुणांची संख्या जशीच्या तशी पुढें चालत येईल, असें मानणें धाडसाचें होय.

म्हणून पारखणारे प्रथम शरीर मोजतात. उंची पाहतात, दोन्ही हात पसरून वांव मोजतात, उडी व धांव पाहतात. वांव लांब असली म्हणजे ठेंगण्या गड्यासहि प्रतिपक्षाचा चेंडू अडवितां येतो; म्हणून तिला मोठें महत्त्व. त्यानंतर नेम पाहतात. त्यांत एक युक्ति आहे. कोणी अडवीत नसतां एका जागीं उभें राहून टाकावयाचा जो फ्री थ्रो, त्यांतील यशाचें प्रमाण हें हाताच्या खऱ्या वळणाची साक्ष समजतात; कारण तेथें प्रतिपक्षाच्या बलाबलाचा प्रश्न येत नाहीं.

इतकी मोजदाद करूनहि पारख चुकते ती कशी, हें दोन गार्डांच्या उदाहरणांवरून दिसेल. स्टीफन करी हा नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील डेव्हिडसन नांवाच्या लहानशा कॉलेजांत खेळे. त्याचे वडील डेल करी हे स्वतः नामांकित धंदेवाईक खेळाडू; तरीहि मुलगा किरकोळ बांध्याचा म्हणून मोठ्या कॉलेजांनीं त्यास शिष्यवृत्ति देऊं केली नव्हती. २००८-०९ मध्यें त्यानें सामन्यागणिक सरासरीनें २८.६ गुण मिळवून साऱ्या देशांत पहिला क्रमांक पटकाविला. दुसरा जिमर फ्रेडेट. हा यूटा संस्थानांतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा. त्यानें २०१०-११ मध्यें २८.९ गुणांच्या सरासरीनें तोच मान मिळविला. दोघेहि सुमारें सव्वासहा फूट उंच, दोघेहि दुरून नेम साधण्यांत पटाईत. २००९ च्या निवडींत करीचें नांव सातवें पुकारलें गेलें, तर २०११ च्या निवडींत फ्रेडेटचें दहावें. कागदावर पाहिलें तर दोघे जणूं सख्खे भाऊ!

परंतु पुढें दोघांच्या वाटा फांकल्या. करीच्या संघानें २०१५, २०१७, २०१८ व २०२२ या चार वर्षीं अजिंक्यपद मिळविलें. सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यास लागोपाठ दोनदां मिळाला, व २०१६ मध्यें तर तो एकमतानें मिळाला, जें पूर्वीं कोणाच्याहि वांट्यास आलें नव्हतें. १४ डिसेंबर २०२१ रोजीं तीन गुणांच्या नेमांचा रे ॲलनचा २,९७३ चा उच्चांक त्यानें मोडला. फ्रेडेटची धंदेवाईक सरासरी मात्र सामन्यागणिक सहा गुणांच्या आसपासच राहिली, आणि कित्येक संघ बदलून तो चीनमध्यें खेळावयास गेला.

मग पारखणाऱ्यानें पाहावयाचें तरी काय? आमच्या मतें, चेंडू हातीं नसतांना तो तरुण काय करितो, हें पाहावें. कॉलेजांत सारा संघ त्याच्याभोंवतीं फिरतो. धंदेवाईक संघांत गुण मिळविणारे अगोदरच असतात, व नवागतास थोडीं मिनिटें आणि त्याहून थोडा चेंडू मिळतो. त्या वेळीं ज्यास गुण मिळविण्यापलीकडे दुसरें काम येत नाहीं, तो बांकावर बसतो.

करीच्या बाबतींत याची साक्ष निवडीच्या आधींच मिळाली होती. २५ नोव्हेंबर २००८ रोजीं लॉयोला कॉलेजच्या संघानें त्याच्या एकट्याच्या मागें दोन रक्षक लावून दिले, आणि ते जवळजवळ सामनाभर त्यास चिकटून राहिले. दुसरा एखादा गडी चिडला असता. करी कोपऱ्यांत जाऊन उभा राहिला! दोन रक्षक त्याच्यापाशीं अडकून पडल्यामुळें उरलेल्या तिघांशीं त्याच्या चार सोबत्यांची गांठ पडली. त्या दिवशीं देशांतील अव्वल गुणवंताच्या नांवावर एकहि गुण लागला नाहीं, आणि डेव्हिडसननें सामना ७८ विरुद्ध ४८ असा जिंकला. त्याच हंगामांत, चेंडू पुढें आणणारा जुना सोबती कॉलेज सोडून गेल्यामुळें, तें कामहि करीनें अंगावर घेतलें. व सोबत्यांस गुण मिळवून देणाऱ्या त्याच्या पासांची सरासरी २.९ वरून ५.६ वर गेली. पुढें धंदेवाईक मैदानावरहि हेंच घडलें. चेंडूवांचून तो सारखा धांवत राही, दोन रक्षक त्याच्याकडे ओढले जात, आणि सोबत्यांस वाट मोकळी होई.

यावरून कोणीं असें समजूं नये कीं, ही कसोटी लाविली म्हणजे भविष्य अचूक कळतें. २००९ मध्यें करीच्या अगदीं आधीं पुकारलेला जॉनी फ्लिन हा गार्डहि गुणी होता. परंतु खुब्यावरील शस्त्रक्रियेनंतर त्याचा खेळ पूर्ववत् झाला नाहीं, व तीन हंगामांतच तो नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या संघांतून बाहेर पडला. करीच्याहि घोट्यावर २०११ व २०१२ मध्यें शस्त्रक्रिया झाल्या. त्याचा घोटा सांवरला, इतकेंच. आणि फ्रेडेट नालायक ठरला असें तरी कोण म्हणेल? शांघायच्या संघाकडून २०१७ मध्यें त्यानें एका सामन्यांत ७३ गुण केले, व २०२४ मध्यें पॅरिसच्या ऑलिंपिकांत तीन-तीन गड्यांच्या बास्केटबॉलसाठीं तो आपल्या देशाच्या संघांत होता. एका मैदानावर न जमलेला गडी दुसऱ्या मैदानावर शोभून दिसतो.

आपल्या मुलाच्या खेळाकडे मोठ्या आशेनें पाहणाऱ्या पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्यानें किती गुण केले हें विचारण्याबरोबरच, चेंडू दुसऱ्याकडे असतां तो काय करीत होता, हेंहि विचारावें. आणि विद्यार्थ्यांस सांगावयाचें तें असें: करीनें पदवी न घेतांच २००९ मध्यें कॉलेज सोडलें होतें. पदवीधर झाल्यावांचून कोणाहि खेळाडूच्या क्रमांकाचा सदरा सन्मानानें टांगावयाचा नाहीं, असा डेव्हिडसनचा दंडक आहे. जगभर कीर्ति होऊनहि करीसाठीं तो शिथिल झाला नाहीं. अखेर २०२२ मध्यें, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, त्यानें समाजशास्त्राचा अभ्यास पुरा करून पदवी घेतली, आणि मगच त्याचा ३० क्रमांकाचा सदरा कॉलेजच्या क्रीडागृहांत वर चढला.