फायरिंग ऑर्डर: जुन्या गाडीचा क्रम गाडीलाच विचारा

तुमसरहून मी पुन्हा एकदा तुमच्या कानात. ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे हातात पाना धरून उभे आहेत, त्यांच्यासाठी हा लेखी उतारा.

गोबरवाहीच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. आजोबांची प्रीमियर पद्मिनी बरीच वर्षं अंगणात उभी. इंजिन साफ करताना कोणीतरी प्लगच्या चारही वायरी काढून टाकल्या. आता कोणती कुठे लावायची, कुणालाच ठाऊक नाही. मोबाईलवर शोधलं तर एकीकडे एक क्रम, दुसरीकडे दुसरा. सेल्फ मारला की कार्ब्युरेटरमधून फटाके फुटतात. घरचे म्हणतात, भंगारात द्या.

भाऊ, जरा थांब. भंगारवाल्याला आत्ताच फोन करू नको. आणि सेल्फही मारू नको. जुन्या गाडीत पेट्रोल कुठेतरी झिरपत असतंच, त्यात हे फटाके म्हणजे आगीला आमंत्रण.

क्रम म्हणजे नेमकं काय?

चार सिलिंडर एकदम पेटत नाहीत, पाळीपाळीने पेटतात. ती पाळी म्हणजे फायरिंग ऑर्डर. आता गंमत बघा. एका रांगेतल्या चार सिलिंडरच्या नेहमीच्या इंजिनात १ आणि ४ चे पिस्टन सोबत वर येतात, २ आणि ३ चे सोबत. क्रँकच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात एक सिलिंडर पेटतो. म्हणजे १ नंतर ४ येऊच शकत नाही, २ किंवा ३ च येणार. म्हणून क्रम दोनच उरतात: १-३-४-२ किंवा १-२-४-३. तिसरा कोणी सांगत असेल तर तो दुसऱ्याच जातीच्या इंजिनाबद्दल बोलतोय.

पद्मिनी, अ‍ॅम्बेसिडरचं १४८९ सीसी इंजिन, पेट्रोलवाली विलीज जीप, या सगळ्यांचा क्रम १-३-४-२. फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए चा मात्र १-२-४-३. फोक्सवॅगन बीटलचा १-४-३-२, कारण तिचे सिलिंडर रांगेत नसून समोरासमोर आडवे आहेत.

शोधायचं कोणत्या नावाने?

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्या मूळच्या परदेशी. मुंबईत कुर्ल्याला बनलेली पद्मिनी म्हणजे फियाट ११००. अ‍ॅम्बेसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज तीन. स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे ट्रायम्फ हेराल्ड. महिंद्राची जुनी जीप म्हणजे विलीज सीजे-३बी. भारतीय नावाने काही सापडलं नाही, तर या मूळ नावापुढे 'वर्कशॉप मॅन्युअल' लिहून शोधा. मूळ कंपनीच्या पुस्तकाची पानं स्कॅन केलेली मिळाली, तर व्हिडिओखालच्या कॉमेंटपेक्षा त्यांच्यावर भरवसा ठेवा.

पण त्याआधी बॉनेट उघडून इंजिन कोणतं आहे ते बघा. अ‍ॅम्बेसिडरमध्येच पुढे इसुझूचं १८०० सीसी इंजिन आलं. जीपमध्ये तर लोकांनी कुठकुठली डिझेल इंजिनं बसवली. म्हणून शोध गाडीच्या नावाने नाही, इंजिनाच्या नावाने घ्यायचा.

पुस्तकच नाही, तर?

मग इंजिनालाच विचारायचं. दोन माणसं लागतील. बॅटरीची वायर काढा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा, चारही प्लग काढा. एकाने हँडलने इंजिन चालतं त्याच दिशेने हळूहळू फिरवायचं. दुसऱ्याने प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायचा. कॉम्प्रेशन आलं की हवा अंगठ्याला बाहेर ढकलते. १ नंबरला दाब आला, की अर्ध्या फेऱ्याने पुढचा दाब कुठे येतो ते बघा. ३ ला आला तर १-३-४-२, २ ला आला तर १-२-४-३. झालं!

पद्मिनीत १ नंबरचा सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. सगळीकडे तसं नसतं हं. प्यूजोमध्ये मोजणी फ्लायव्हीलच्या बाजूने सुरू होते.

वायर लावताना

नुसता क्रम कळून भागत नाही. आणखी दोन गोष्टी हव्यात: १ नंबरची वायर कुठून सुरू करायची आणि रोटर कोणत्या दिशेने फिरतो.

१ नंबरला पुन्हा दाब येईपर्यंत इंजिन फिरवा आणि पुलीवरची टायमिंगची खूण जुळवा. आता डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडा. रोटरचं तोंड जिकडे, तिथे १ नंबरची वायर. फोटोत ती दुसरीकडे दिसली तरी रोटरचंच ऐका, कारण कुठल्यातरी मिस्त्रीने कधीकाळी डिस्ट्रिब्युटर काढून वेगळा बसवलेला असू शकतो. मग इंजिन थोडं पुढे फिरवून रोटरची दिशा बघा. अ‍ॅम्बेसिडरच्या १४८९ सीसीत तो घड्याळाच्या उलट फिरतो. त्याच दिशेने पुढच्या खुंट्यांवर ३, ४, २ अशा वायरी लावा. दिशा उलटी धरली तर १ आणि ४ बरोबर बसतात, पण २ आणि ३ ची अदलाबदल होते. मग गाडी धडधडते, मिसिंग मारते, चालली तरी दोनच सिलिंडरवर.

मोठ्या गाडीवाल्यांनी जास्त जपा. एका रांगेतल्या सहा सिलिंडरला बहुतेक १-५-३-६-२-४ चालतो. व्ही-८ मध्ये मात्र फोर्ड एका बाजूला १ ते ४ आणि दुसऱ्या बाजूला ५ ते ८ मोजते, तर शेवरले एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम आकडे. तिथे क्रमासोबत नंबरांचा नकाशाही हवा.

शेवटचं काम

ही माहिती आजवर मिस्त्री लोकांच्या डोक्यात राहिली, कागदावर फार कमी आली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. या गाड्यांवर हात बसलेली माणसंही आता म्हातारी होत चालली आहेत. तुमच्या गावात असा कोणी काका असेल, तर त्यांच्याजवळ बसा, विचारा, परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा.

आणि क्रम सापडला, की बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवा: क्रम, १ नंबर कुठे, रोटरची दिशा. पुढच्या वेळी वायरी काढण्याआधी प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नंबर टाका आणि एक फोटो काढा.

गोबरवाहीच्या भावा, पद्मिनी सुरू झाली की तिचा आवाज रेकॉर्ड करून पाठव, पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवू. भेटूया!