गोल्फपटूची संपत्ती कशी मोजायची?

आता टायगर वूड्सचाच हिशेब करून पाहू. पीजीए टूरवर त्याने जिंकलेली बक्षिसं सुमारे १२ कोटी डॉलर. हा आकडा कुणालाही पाहता येतो, म्हणून आपण तोच धरून बसतो. पण २०२२ मध्ये ‘फोर्ब्स’ने त्याची आयुष्यभराची कमाई १७० कोटींहून जास्त धरली. बक्षिसांचा वाटा त्यात दहा टक्केही नाही! बहुतेक पैसा जाहिरातींच्या करारांतून आलेला. एकट्या नायकीशीच त्याचा संबंध २७ वर्षं टिकला. करारांच्या रकमा सहसा गुप्त असतात, तिथे अंदाजच बांधावा लागतो.

बरं, कमाई म्हणजे संपत्ती नव्हे. २०१९ ची मास्टर्स जिंकल्यावर त्याला २० लाख ७० हजार डॉलर मिळाले. अशा विजयातले साधारण दहा टक्के कॅडीला देण्याची रीत आहे, शिवाय कर. हे सगळं वजा जाता ‘फोर्ब्स’च्याच अंदाजाने त्याच्याकडे उरले १०० कोटी.

आणि यादीत तळाशी असलेला खेळाडू? दोन फेऱ्यांनंतर ‘कट’ हुकला, की सहसा बक्षीस शून्य. विमान, हॉटेल, कॅडीचा पगार मात्र त्याच्याच खिशातून. बक्षिसांवरून मोजलं तर वूड्स आहे त्यापेक्षा गरीब दिसतो, आणि हा बिचारा श्रीमंत.