केर किनाऱ्याचा, कला मुलखाची

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वर, महाराष्ट्राचा मुलूख संपून गुजरातची हद्द लागण्यापूर्वी मालमोटारींच्या चालकांच्या तोंडी जे नाव हटकून येते, ते तलासरी तालुक्यातील अच्छाडचे. सरहद्दीवरील तपासणी नाक्यामुळे हे गाव वाहतुकीच्या नकाशावर ठळक झाले आहे. येथून समुद्र दिसत नाही, त्याची गाजही ऐकू येत नाही. तरीही डहाणू, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी, झाई या किनारपट्टीवर भरतीबरोबर येऊन पडणाऱ्या केराची हकीकत सांगावयाची, तर ती अच्छाडसारख्या रस्त्यावरच्या गावापासूनच आरंभावी लागते. कारण धावत्या गाडीतून भिरकावलेली पाण्याची बाटली, गुटख्याची पुडी किंवा वेफरचे वेष्टन पहिल्या पावसात रस्त्याखालच्या मोरीत शिरते, मोरीतून ओहोळात, ओहोळातून नदीत आणि नदीच्या पुराबरोबर खाडीत उतरते. आणि मग जो समुद्र पोटात काही ठेवून घेत नाही असे आपण म्हणतो, तो ते सर्व ओझे उधाणाच्या दिवशी पुन्हा मनुष्याच्याच दारात आणून टाकतो.

हा किनारा सामान्य नव्हे. २० जून १९९१ रोजी केंद्र शासनाने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, उद्योगांसाठी वापरावयाच्या जमिनीस ५०० एकरांची मर्यादा घातली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरांचा पट्टा संरक्षक म्हणून राखला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याची धुरा दीर्घकाळ वाहिली. ज्या घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले त्या चिकूच्या वाड्या, सुरूची बने आणि ओहोटीला दूरवर उघडी पडणारी सपाट पुळण अशी या प्रदेशाची शोभा आहे. परंतु अधिसूचनेने कारखान्यास अटकाव करता येतो, लाटेबरोबर येणाऱ्या पिशवीस करता येत नाही. त्या पिशवीचा बंदोबस्त लोकांच्या हातांनी आणि लोकांच्या मनांतूनच व्हावा लागतो, आणि हा लेख त्या दोहोंविषयी आहे.

पावसाळ्याच्या अखेरीस उधाणाची भरती ओसरली म्हणजे पुळणीवर एक काळसर रेघ उमटलेली दिसते. दुरून ती शेवाळाची वाटते; जवळ जाऊन वाकून पाहावे, तर तीत नायलॉनच्या जाळ्यांचे हिरवे-निळे तुकडे, थर्माकोलचे फुटलेले गोळे, औषधगोळ्यांची रिकामी पाने, बाटल्यांची रंगीबेरंगी झाकणे, निर्माल्याच्या गाठी मारलेल्या पिशव्या, तसबिरींच्या चौकटी आणि डांबराचे चिकट गोळे यांची सरमिसळ आढळते. त्यातली एखादी रबरी चप्पल उचलून उलटी करावी. तिच्या तळव्यावर शिंपल्यासारखे कवच धारण करणाऱ्या चिमुकल्या जलचरांची दाट वसाहत जमलेली असते. म्हणजे कोण्या अज्ञात पायातून सुटलेली ती वहाण कित्येक आठवडे भर समुद्रात तरंगत होती, आणि त्या अवधीत निष्पाप जीवांनी तिलाच आपले घर मानले होते. ओलावा आटताच ती वसाहत वाळून मरते.

या केराचे स्वरूप शास्त्रीय दृष्टीने समजून घेणे अगत्याचे आहे. प्लास्टिक कुजत नाही; ऊन, मीठ आणि लाटांचा मार यांनी ते झिजते, ठिसूळ होते आणि त्याचे कण होतात, जे वाळूत मिसळले म्हणजे कोणत्याही दाताळ्याने गोळा करता येत नाहीत. सिगारेटचे थोटूक पुष्कळांना कापसाचे वाटते. वस्तुतः ते सेल्युलोज अ‍ॅसिटेट या कृत्रिम तंतूंचे असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासानुसार जगाने २०१५ पर्यंत सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक निर्माण केले, आणि त्यातून झालेल्या कचऱ्यापैकी फक्त ९ टक्क्यांच्या आसपास पुन्हा वापरात आला. सुमारे ७९ टक्के कचराडेपोत किंवा उघड्या निसर्गात साचून राहिला. या आकड्यांचा अर्थ आमच्या किनाऱ्यावरील मांगेला मच्छीमार बांधवास निराळ्या रीतीने कळतो. प्रवाहाच्या तोंडाशी रोवलेल्या पिशवीसारख्या डोल जाळ्यात बोंबील आणि जवळा यांच्याबरोबर पिशव्याही शिरतात, आणि मासळी निवडण्याचे काम केर निवडण्याचे होऊन बसते. पावसाळ्यात जखमी कासवे डहाणूच्या किनाऱ्यास लागतात. कित्येकांचे वल्ह्यासारखे पाय तुटक्या जाळ्यांच्या फासात सापडून निकामी झालेले असतात. वनविभाग आणि ‘वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन’ ही स्थानिक संस्था डहाणूत अशा कासवांची शुश्रूषा करून ती पुन्हा समुद्रात सोडतात. हे कार्य थोर आहे. परंतु फास तयार होण्याचेच थांबले, तर त्याची गरज किती उणावेल!

केर उचलण्याची चळवळ आता जगभर रुजली आहे. १९८६ साली अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर ज्या उपक्रमाने आंतरराष्ट्रीय किनारा-स्वच्छता दिनाचा पाया घातला, त्याचे वैशिष्ट्य असे की स्वयंसेवकांनी केर नुसता उचलला नाही, तर बाटल्या किती, दोऱ्या किती, झाकणे किती यांची नोंदही ठेवली. दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी ही मोजदाद होते. नोंदीमुळे केराला दप्तर मिळते, आणि दप्तर असले म्हणजे जाब विचारता येतो. आपल्याकडे मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर अ‍ॅड. अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वयोवृद्ध शेजाऱ्यास बरोबर घेऊन आरंभलेले काम आठवड्यामागून आठवडे चालत राहिले, कोळी बांधव, विद्यार्थी आणि नोकरदार त्यात मिळत गेले, आणि २०१६ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे निघाली, तेव्हा या श्रमांची याहून सुंदर पावती दुसरी नव्हती.

परंतु वर्सोव्याचा धडा दुहेरी आहे. आज स्वच्छ केलेली पुळण पुढच्या भरतीला पुन्हा भरते. उचलणारे हात टाकणाऱ्या हातांपेक्षा नेहमीच थोडे असतात. कायद्याने यावर इलाज शोधला आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्या व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तजवीज केली. आणि १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनाची एकदाच वापरावयाच्या ठरावीक वस्तूंवरील बंदी देशभर अमलात आली. तथापि शिपायाची पाठ फिरताच हुकुमाचा धाक ओसरतो, आणि उपदेशाचा स्वर लागताच श्रोत्याचे मन दार लावून घेते. ते दार उघडण्याची किल्ली हास्याजवळ आणि कलेजवळ आहे, आणि ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाही.

श्रीसंत गाडगेबाबांचे चरित्र याची साक्ष आहे. १८७६ साली वऱ्हाडात जन्मलेला हा परीट कुळातील पुरुष अंगावर चिंध्यांची गोधडी आणि हाती फुटके गाडगे व खराटा घेऊन गावात शिरे. दिवसभर गल्ल्या, ओटे, देवळासमोरील अंगण झाडी. आणि रात्री त्याच गावकऱ्यांपुढे कीर्तनास उभा राही. त्यांच्या कीर्तनात पांडित्य नव्हते. बाबा वऱ्हाडी बोलीत सोपे प्रश्न विचारीत, श्रोते एका सुरात उत्तर देत, आणि ते उत्तर देता देताच आपल्या वागण्यातील विसंगती त्यांना उमगून सगळा समुदाय खळखळून हसे. हसणे ओसरले की लाज उरे, आणि लाजेपोटी दुसऱ्या दिवशी झाडू उचलला जाई. येथे एक भेद ध्यानात घ्यावा: बाबांनी दारिद्र्याची थट्टा कधी केली नाही, सवयीची केली, आणि ती करण्याचा अधिकार त्यांना दिवसभराच्या झाडलोटीने मिळालेला असे. आधी खराटा, मग विनोद, हा क्रम त्यांनी आयुष्यभर पाळला. २० डिसेंबर १९५६ रोजी ते निवर्तले. २००० साली महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचेच नाव दिले.

डहाणूच्या मातीत या विचाराची दुसरी शाखा शिक्षणाच्या रूपाने बहरली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले आणि पुढे ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. जे मूल शाळेत येत नाही त्याच्याकडे शाळेने जावे, या ध्यासातून अंगणवाडी आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा जन्मास आली. मुलांना न्हाऊमाखू घालणे, केस विंचरणे, अंगण झाडणे हे तेथील पहिले पाठ होत, आणि ते गाण्यांतून व खेळांतून दिले जात. शिक्षणाची साधने म्हणून विकतच्या खेळण्यांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे वापरले जात. परिसर हेच पुस्तक, ही त्यांची श्रद्धा होती. त्या पुस्तकाच्या पानांवर आज प्लास्टिक साचले असेल, तर ते वेचणे हाही बालशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

आणि चित्रकला तर या मुलखाची जन्मभाषाच आहे. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने वारली सुवासिनी लग्नाचा चौक लिहीत आल्या; त्रिकोण, वर्तुळ आणि रेघ एवढ्याच भांडवलावर त्यांनी माणसे, जनावरे, झाडे, तारपा या वाद्याभोवतीचा नाच असे सारे विश्व उभे केले. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ही कला विवाहविधीच्या चौकटीतून बाहेर काढून रोजच्या जीवनाचे चित्रण करण्यास वळवली. २०११ साली ‘पद्मश्री’ने गौरविलेले हे चित्रकार मे २०१८ मध्ये दिवंगत झाले. मासे धरण्याचे जाळे हा त्यांच्या चित्रांतील गाजलेला विषय. बारीक रेघांनी विणलेले ते अफाट जाळे ज्याने पाहिले आहे, त्यास पुळणीत गाडले गेलेले नायलॉनचे जाळे पाहून जे वाटेल, ते शंभर फलकांनी वाटणार नाही. वारली चित्रात मनुष्य सृष्टीहून मोठा काढला जात नाही. मुंगी, बैल, माणूस सारे एकाच रेघेचे असतात. किनाऱ्याच्या स्वच्छतेचे सारे तत्त्वज्ञान या एका संकेतात सामावले आहे.

जगातही कलेने हे काम अंगावर घेतले आहे. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात २०१० पासून ‘वॉश्ड अशोर’ या प्रकल्पाने किनाऱ्यावर वेचलेल्या प्लास्टिकमधून मासे, पक्षी, कासवे यांची भव्य शिल्पे घडवली. पुरीच्या समुद्रकाठी सुदर्शन पटनायक यांनी वाळूच्या शिल्पांतून प्लास्टिकविरोधी संदेश कोरला. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात देवादिकांचे आणि दैत्यांचे मुखवटे लावून सोंगे नाचतात आणि प्रेक्षक भय आणि हास्य दोन्ही अनुभवतात. त्या परंपरेतून स्फूर्ती घेऊन शाळेतील मुलांनी बाटल्यांच्या माळा ल्यालेला ‘प्लास्टिकासुर’ नाचवला, तर पाहणाऱ्यास आपलाच केर त्याच्या अंगावर ओळखता येईल. मात्र काही पथ्ये पाळावीत. केराचे शिल्प असे असावे की प्रदर्शन संपताच ते सुटे करून योग्य ठिकाणी रवाना करता येईल. नाही तर कला हाच नवा केर होईल. भिंतीवरचे चित्र काढावयाचे ते वारली कलावंतांकडूनच, त्यांना उचित मानधन देऊन आणि त्यांचे नाव लिहून. कारण २०१४ साली भौगोलिक मानांकन लाभलेली ही कला कोणाची आयती शोभा नव्हे. आणि विनोदाचा रोख कचरा वेचणाऱ्या गरीब स्त्रीवर किंवा मासेमारावर कधीही नसावा. तो टाकून पुढे निघून जाणाऱ्यावर असावा.

वेचण्याचेही शास्त्र आहे. ओहोटी लागल्यावर काम सुरू करावे. हातमोजे घालावेत, सुया व काच उघड्या हाताने उचलू नये. जाळी वाळूत रुतली असेल तर ओढाताण न करता कापून काढावी. शंख-शिंपले, वाहून आलेली लाकडे आणि वाळू धरून ठेवणारी मर्यादावेल यांना हात लावू नये, कारण तो केर नव्हे, किनाऱ्याचा संसार आहे. यंत्राने पुळण खरवडू नये. तिच्यात खेकड्यांची बिळे असतात. आणि गोळा झालेला ढीग तेथेच पेटवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. तो वर्गवारी करून, मोजून, ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करावा व मोजणीचा कागद चावडीवर लावावा.

दिवाळीच्या सुटीत हजारो कुटुंबे डहाणू-बोर्डीस जातात. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी एक गोणपाटाची पिशवी बरोबर न्यावी, मुलांना घेऊन पुळणीवरची निदान शंभर पावलांची जागा स्वच्छ करावी, जे सापडेल त्याची यादी मुलांकडून लिहवून घ्यावी आणि त्या यादीवर एखादे चित्र, एखादे हसरे गाणे रचण्यास त्यांना सांगावे. सरहद्दीच्या गावांतील शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी हेच काम ओढे-नाल्यांच्या काठी, पाऊस पडण्यापूर्वी करावे. किनारा समुद्रापाशी घाण होत नाही, तो वरच्या मुलखात घाण होतो. म्हणून त्याची झाडलोटही तेथूनच सुरू झाली पाहिजे.