उन्हाळ्यात घरच्या म्हाताऱ्यांना जपा



मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो. आपण अकराच्या आत औत सोडतो, बैल सावलीला बांधून पाणी दाखवतो. आबा मात्र वावरात पऱ्हाट्या वेचत राहतात. हाक मारली तर म्हणतात, "मला काय होतंय?"

यात त्यांचा हट्ट थोडा, वयाचा भाग जास्त. उतारवयात तहान कमी लागते, घामही कमी सुटतो. अंग आतून तापलेलं त्यांना कळतच नाही. म्हणून मागण्याची वाट पाहू नका. तासा-दोन तासांनी पेलाभर पाणी, ताक किंवा पन्हं हातात आणून द्या. रक्तदाबाच्या किंवा लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारा. गोळ्या मनाने बंद करू नका.

दुपारी पत्र्याच्या खोलीत त्यांची खाट नको, कडुनिंबाखाली टाका. अशा उन्हात नुसता पंखा गरम वाराच फेकतो, अंगावर ओला पंचा हवा.

बोलणं असंबद्ध झालं, झोक जाऊ लागला, अंग तव्यासारखं तापलं, तर उष्माघात समजा. घाम असला तरी. कांदा ठेचून लावत बसू नका. १०८ ला फोन करा, सावलीत निजवा, कपडे सैल करा, सर्वांगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. गाडी येईपर्यंत अंग भिजवणं मात्र थांबवायचं नाही.