टोपणनावामागचं टेबल कुठलं? एस्क्यूएलमधला सिनॉनिम

आज बोलूया सिनॉनिमबद्दल. घरी आपण 'बंड्या' असतो, आधार कार्डावर भलतंच नाव, पण माणूस एकच ना? टेबलाचंही तसंच असतं.

एस्क्यूएल सर्व्हरमध्ये टेबलाचं पूर्ण नाव चार भागांचं असू शकतं: सर्व्हर, डेटाबेस, स्कीमा आणि ऑब्जेक्ट. प्रत्येक क्वेरीत एवढं कोण लिहिणार? म्हणून एकदाच 'क्रिएट सिनॉनिम ऑर्डर्स फॉर' आणि पुढे ते लांबलचक नाव लिहायचं. मग सगळीकडे नुसतं 'ऑर्डर्स' म्हटलं तरी चालतं. ही सोय २००५च्या आवृत्तीत आली. ओरॅकलमध्ये ती त्याआधीपासून होती.

आता माझा किस्सा. पहिल्या नोकरीत मी टेस्टच्या डेटाबेसवर बिनधास्त 'डिलीट फ्रॉम ऑर्डर्स' चालवलं. डेटाबेस टेस्टचाच होता हो, पण सिनॉनिम लाइव्ह टेबलाचं होतं! बॅकअपमधून डेटा परत आणेपर्यंत रात्रीचे दोन वाजले.

कारण सिनॉनिममध्ये डेटा नसतो, फक्त पत्ता असतो. इन्सर्ट, अपडेट, डिलीट थेट खऱ्या टेबलावर होतं. शिवाय सिनॉनिम बनवताना ते टेबल खरंच आहे का, हेही सर्व्हर बघत नाही. चूक क्वेरी चालवल्यावरच कळते. पत्ता बदलायला 'ऑल्टर'ही नाही. ड्रॉप करा, नवीन बनवा, आणि सिनॉनिमवर दिलेल्या परवानग्या पुन्हा द्या.

म्हणून डिलीट लिहिण्याआधी 'सिस डॉट सिनॉनिम्स' उघडा आणि 'बेस ऑब्जेक्ट नेम'चा कॉलम वाचा. दहा सेकंदांचं काम आहे. मी तेव्हापासून एकदाही चुकवलेलं नाही.