खर्जाला जागा लागते

घरातल्या स्पीकरचा आवाज भरीव वाटतो तो मुख्यतः खालच्या सुरांमुळे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार एक सप्तक खाली, ६९ हर्ट्झवर बोलते. चार इंची वूफरचा छोटा स्पीकर बहुधा याच सुमारास दम सोडू लागतो. खर्ज ऐकू येतोय असे तरीही वाटत राहते, कारण वरच्या उपस्वरांवरून मेंदू मूळ स्वर ताडून घेतो. सूर कळतो, वजन मात्र येत नाही.

एक सप्तक खाली तेवढाच मोठा आवाज काढायचा, तर वूफरच्या शंकूला चौपट पुढेमागे हलावे लागते. छोट्या शंकूची धाव लवकर संपते आणि आवाज फाटतो. आठ इंची वूफरचे क्षेत्रफळ चार इंचीच्या जवळपास चौपट, त्यामुळे तेवढीच हवा तो थोड्याशा हालचालीत ढकलतो. पेटीचेही तेच. लहान बंद पेटीतली हवा ताठ स्प्रिंगसारखी शंकूला अडवते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली याच हवेला कामाला लावून आटोपशीर पेटीतून खोल खर्ज काढला, पण अशा स्पीकरला अँप्लिफायर दमदार लागतो. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत.

म्हणून मोठा स्पीकर घ्यावा हे खरे, पण तो ठेवायचा कुठे? रेल्वेच्या क्वार्टरचेच उदाहरण घ्या: भिलाईला लागून असलेल्या चरोद्यात मालगाड्यांचे मोठे मार्शलिंग यार्ड आहे आणि रेल्वेची वसाहतही. क्वार्टरमधली एखादी खोली बारा फूट लांब धरली, तर दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो. त्या सुराला भिंतीलगत बसलेल्याच्या कानात ढोल वाजतो, तर खोलीच्या मध्यावर बसलेल्याला तो जेमतेम ऐकू येतो. उंच टॉवर स्पीकर जागेअभावी कोपऱ्यात सारला की हा घुमारा आणखी वाढतो आणि डग्ग्याचे बोल एकमेकांत मिसळतात. दोष स्पीकरला दिला जातो, तो बहुतेक वेळा कोपऱ्याचा असतो. दुसरी अडचण बाहेरची. यार्डातल्या वाघिणींची धडधड आणि उन्हाळ्यात कूलरची घरघर याच खालच्या पट्ट्यात पसरलेली असते, आणि हळू आवाजात कानालाही खर्ज कमीच ऐकू येतो. अशा घरात अगदी तळाच्या सुरांसाठी पैसे मोजणे फारसे शहाणपणाचे नाही.

मध्यम खोलीला साडेसहा इंची वूफरचा, स्टँडवर ठेवलेला स्पीकर बहुधा पुरतो. तो मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे असावा, आणि ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा. भिंतीपासून अंतर सोडता येत असेल आणि खोली मोठी असेल, तरच टॉवरचा विचार करावा. खोक्यावर छापलेल्या पीएमपीओ वॅटच्या हजारी आकड्यांकडे लक्षच देऊ नये. सेन्सिटिव्हिटी बघावी: ८८ डेसिबलच्या स्पीकरइतकाच आवाज ८५ डेसिबलच्या स्पीकरमधून काढायला दुप्पट वॅट लागतात. खालची मर्यादा लिहिताना कंपनीने किती डेसिबलची घट धरली आहे, हेही विचारावे. ‘४५ हर्ट्झपर्यंत’ या शब्दांत तीन डेसिबलची घट असू शकते, तशीच दहाचीही.

छोटे स्पीकर आवडीचे असतील तर ते बदलण्याऐवजी सबवूफर जोडणे हाही मार्ग आहे. ८० हर्ट्झच्या खालचे काम त्याच्याकडे सोपवले की छोट्या वूफरवरचा ताण उतरतो, आणि सबवूफरची जागा स्वतंत्रपणे शोधता येते. शेजारच्या क्वार्टरशी भिंत सामाईक असेल, तर त्याची पातळी मात्र जपून ठेवावी लागते; खालचे सूर विटांच्या भिंतीलाही फारसे जुमानत नाहीत.

दुकानात पारख करायला तबल्याचे ओळखीचे ध्वनिमुद्रण न्यावे. डग्ग्यावर तळहाताने दाबून काढलेली मींड सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेगळी ऐकू यायला हवी. नुसता ‘धम्म’ उठत असेल तर आकार कितीही मोठा असला तरी तो स्पीकर घेऊ नये.