कॅथेड्रल, बॅसिलिका आणि तीर्थस्थान

जुन्या गोव्यात दोन विख्यात चर्चवास्तू समोरासमोर उभ्या आहेत. संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष बॉम जेझूसमध्ये असल्याने यात्रेकरूंची दाटी तेथे अधिक. तथापि धर्मप्रांतात पहिला मान से कॅथेड्रलचा. याचे कारण भव्यतेत नाही. ‘कॅथेड्रा’ म्हणजे आसन. जेथे बिशपचे धर्मपीठ, ते कॅथेड्रल. बॅसिलिका ही मात्र पोपने बहाल केलेली पदवी होय. थोरल्या बॅसिलिका चारच, आणि चारही रोममधील. त्यांतही अग्रस्थान सेंट पीटरला नसून लॅटेरनला आहे. कारण रोमचा बिशप या नात्याने पोपचे आसन तेथे आहे. इतर धाकट्या बॅसिलिकांपैकी बॉम जेझूसला ही पदवी १९४६ साली, तर वांद्र्याच्या माउंट मेरीला १९५४ साली मिळाली. अशा चर्चला पोपच्या किल्ल्यांचे चिन्ह मिरविता येते.

तीर्थस्थानाचा दर्जा याहून निराळा. झाशीतील संत ज्यूडच्या मंदिरासारखे स्थान भाविकांच्या ओघामुळे तीर्थ होते. त्यास बिशपची संमती लागते. सारांश, पहिला मान आसनामुळे, दुसरा पोपच्या अनुग्रहाने आणि तिसरा भाविकांच्या पावलांनी येतो. खेड्यातील साध्या चर्चमध्ये होणारा मिस्सा मात्र यामुळे तसूभरही उणा ठरत नाही.